गिटारीवरचा गज

सतारीला नखी आणि सारंगीला गज, ही तंतुवाद्यांची जुनी वांटणी सर्वांच्या परिचयाची आहे. पाश्चात्य संगीतांतहि गिटार बोटांनीं छेडावी व व्हायोलिन गजानें वाजवावें, असाच प्रघात. हा प्रघात मोडणारी एक तबकडी इंग्लंडांत निघाली आणि जवळजवळ कोणाच्याहि लक्षांत न येतां मागें पडली.

१९६६ सालच्या जून महिन्यांत ‘प्लॅनेट’ या लहानशा कंपनीनें ‘मेकिंग टाइम’ हें गाणें बाजारांत आणलें. गाणारें मंडळ ‘दि क्रिएशन’. हर्टफर्डशायरमधील चेशंट येथील हे तरुण पूर्वीं ‘दि मार्क फोर’ या नांवानें वाजवीत असत. ध्वनिमुद्रणाचा सूत्रधार होता शेल टाल्मी. ‘किंक्स’ व ‘हू’ या मंडळांच्या पहिल्या गाजलेल्या तबकड्या त्याच्याच देखरेखीखालीं तयार झाल्या होत्या.

या गाण्यांत एडी फिलिप्स यानें विजेच्या गिटारीवर व्हायोलिनचा गज फिरविला. हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. व्हायोलिनची घोडी कमानदार असल्यामुळें गज एकेका तारेला निराळा भिडतो. गिटारीच्या तारा जवळजवळ एका पातळींत असतात; मधली तार वाजवूं जावें, तों शेजारच्याहि घासल्या जातात. फिलिप्सनें या अडचणीचाच उपयोग केला. अनेक तारांचें तें एकत्रित कंपन ध्वनिवर्धकांतून बाहेर पडतें, तेव्हां लोखंडी दरवाजा सुरांत करकरावा तसा भास होतो. वर केनी पिकेट याचा त्रासलेला, धारदार आवाज. रंगमंचावर तर गाणें चालू असतां कापडावर फवाऱ्यानें रंग उडवून चित्र काढावें, आणि प्रसंगीं तें पेटवूनहि द्यावें, असा या मंडळाचा थाट असे.

एवढें असून ही तबकडी विक्रीच्या यादींत ४९ व्या स्थानापलीकडे गेली नाहीं. त्याच वर्षींची ‘पेंटर मॅन’ ३६ व्या स्थानीं थांबली. ‘प्लॅनेट’ कंपनी अल्पायुषी ठरली. १९६७ मध्यें पिकेट व फिलिप्स दोघेहि बाहेर पडले आणि १९६८ सालीं मंडळ मोडलें. पुढें जिमी पेज यानें ‘लेड झेपेलिन’मध्यें गज हातीं घेतला, व बहुतेक श्रोत्यांनीं ती युक्ति त्याच्याच नांवावर मांडली.

१९७९ सालीं ‘बोनी एम्’नें गायिलेलें ‘पेंटर मॅन’ इंग्लंडांत पहिल्या दहांत गेलें. १९८३ मध्यें अ‍ॅलन मॅक्गी यानें आपल्या नव्या कंपनीला या मंडळावरून ‘क्रिएशन रेकॉर्ड्‌स’ हें नांव दिलें. ‘ओअ‍ॅसिस’ मंडळ पुढें याच कंपनीनें लोकांपुढें आणलें. १९९८ सालच्या ‘रशमोर’ चित्रपटांत ‘मेकिंग टाइम’ पुन्हां ऐकूं आलें. परंतु तें ऐकावयास पिकेट उरला नव्हता. तो १९९७ सालींच निवर्तला होता.

विक्रीची यादी आठवड्याचें गिऱ्हाईक मोजते. तबकडी ऐकून पुढच्यांनीं काय घेतलें, याची नोंद तिच्यांत नसते. ती नोंद श्रोत्यांनींच ठेवावयाची असते. गिटारीवरच्या गजाची गोष्ट निघेल तेव्हां पेजच्या आधीं फिलिप्सचें नांव घेतलें, तरी तें ऋण कांहीं अंशीं फिटेल.