गणवेष उतरल्यानंतर

(ध्वजदिनानिमित्त माजी सैनिकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सन १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबर हा दिवस सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी निधी गोळा होतो, छातीवर लहानसा ध्वज लावला जातो, हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. हे सर्व उचितच आहे. परंतु जो सैनिक सुखरूप घरी परतला, त्याच्यापुढे पुढील आयुष्यात कोणता प्रश्न उभा राहतो, याचा विचार अशा प्रसंगी क्वचितच होतो. सेवेत असताना “आपण कोण?” असे स्वतःला विचारण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. गणवेष खुंटीला लागला की हाच प्रश्न घराच्या उंबरठ्यावर त्याची वाट पाहत असतो. आजचे विवेचन या प्रश्नापुरते आहे.

बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. सीमाभागातील, तसेच कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतील कित्येक घराण्यांत आजोबा, वडील व नातू असे तीन पिढ्यांचे नाते पलटणीशी जडलेले आहे. “कर्तव्य, मान, साहस” हे या रेजिमेंटचे ब्रीद. अठरा-वीस वर्षांचा मुलगा त्या केंद्राच्या दारातून आत जातो, तेव्हा त्याला नवे नाव मिळत नाही. पण क्रमांक मिळतो, तुकडी मिळते, पुढे हुद्दा मिळतो. केव्हा उठावयाचे, केव्हा जेवावयाचे, कोणास सलाम करावयाचा, हे सारे ठरलेले असते. या ठरलेपणात जाच असतो, तसा मोठा आधारही असतो.

नेहमीच्या पद्धतीने भरती झालेला जवान निवृत्तिवेतनास पात्र ठरतो तो पंधरा वर्षांच्या सेवेनंतर. म्हणजे शहरातील नोकरदार ज्या वयात बढतीची वाट पाहतो, त्या पस्तिशी-चाळिशीत हा निवृत्त होतो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात. इतकी वर्षे तो वर्षाकाठी दोन महिन्यांच्या रजेवर येत असे. रजेवरचा माणूस घरात पाहुणा असतो. त्याच्यासाठी गोडधोड होते, त्याच्या पुढ्यात घरची भांडणे कोणी काढीत नाही. कायमचा परत आला की चित्र पालटते. शेत, सोसायटीचे कर्ज, मुलांच्या शाळा, भावकीचे व्यवहार हे सर्व त्याच्या पत्नीने एकटीने सांभाळलेले असते. निर्णय घेण्याची सवय तिला लागलेली असते, आज्ञा देण्याची त्याला. मुले वडिलांशी जपून बोलतात. पहाटे साडेचारला जाग येते, पण हजेरी घेणारा कोणी नसतो. चावडीवर लोक “या सुभेदारसाहेब” म्हणून जागा करून देतात, आणि त्या हुद्द्याखेरीज आपले दुसरे नाव उरले आहे काय, अशी शंका त्याच्या मनात डोकावते.

या शंकेतून दोन आडवाटा फुटतात. काही जण उरलेले आयुष्य जुन्या हुद्द्याच्या आठवणींत घालवितात. काही जण रिकाम्या संध्याकाळी बाटलीच्या आधाराने काढतात. दोन्ही वाटांनी घरचे माणूस घरापासून दुरावते. याहून निराळी वाट शोधणारेही झाले आहेत. त्यांपैकी दोघांची उदाहरणे सर्वज्ञात आहेत.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्कराच्या ई.एम.ई. दलातील जवान व उत्तम मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. ज्या शरीराच्या बळावर त्यांची ओळख उभी होती, तेच गेले. रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहण्यास सांगण्यात आले. त्या पोहण्यातून एक नवा माणूस घडला. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या अपंगांच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे पॅरालिंपिकमध्ये, त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धांतील ते भारताचे पहिले सुवर्णपदक होय. ‘पद्मश्री’ मिळावयास मात्र २०१८ साल उजाडले. मधल्या साडेचार दशकांत त्यांची ओळख कोणत्याही पदवीवर अवलंबून नव्हती, हे विसरता येत नाही. मुष्टियुद्धाचे कौशल्य गेले, परंतु सरावाची चिकाटी पाण्यातही कामास आली. ब्रीदातील ‘साहस’ या शब्दाचा अर्थ रणांगणापुरता नसतो, तो असा.

दुसरे उदाहरण अण्णा हजारे यांचे. ते लष्करात वाहनचालक होते. १९६५ साली खेमकरण आघाडीवर झालेल्या हल्ल्यात त्यांचे सहकारी मारले गेले, ते वाचले. आपण कशासाठी वाचलो, या प्रश्नाने त्यांना सोडले नाही. १९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन ते पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या आपल्या गावी आले. गाव अवर्षणग्रस्त, दारूच्या भट्ट्यांनी पोखरलेले. त्यांनी गावच्या यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धाराला आपल्या निवृत्तीचा पैसा लावला आणि कामाचा आरंभ तेथून केला. पाणी अडविण्याची विद्या त्यांना लष्कराने शिकविलेली नव्हती. ती पाहण्यासाठी ते पुरंदर भागात विलासराव साळुंखे यांनी चालविलेल्या पाणलोटाच्या कामावर गेले. माजी सैनिकाने पुन्हा विद्यार्थी होणे, यातच नव्या ओळखीची सुरुवात होती.

या कहाणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दारूबंदीच्या काळात त्या गावी दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारण्याचे प्रकार घडले, आणि त्यावर टीका झाली. ती टीका रास्त होती. पलटणीतील माणूस शिस्तीचा करार स्वखुशीने सही करून स्वीकारतो. गावातील माणसाने तसा करार केलेला नसतो. तेथे हुकुमाने भागते, येथे समजूत घालावी लागते. राळेगणचे जे काम दूरवर पोहोचले, ते नालाबांध, पाझर तलाव, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांचे. आणि त्यामागे गावकऱ्यांचे श्रमदान होते. पट्ट्याच्या धाकाने बांध टिकत नाही.

लष्कर सोडणाऱ्याने आपली मूल्ये टाकून द्यावयाची नसतात, हे यावरून दिसते. मात्र ती जशीच्या तशी दुसऱ्यांवर लादूनही चालत नाही. त्यांचा अर्थ त्याला नव्याने शोधावा लागतो. पलटणीतील ‘कर्तव्य’ वरून येते. घरी ते आपले आपण ठरवावे लागते. तेथील ‘मान’ खांद्यावरच्या फितींना असतो. येथे तो वागण्यातून मिळवावा लागतो. ‘साहस’ तर पत्नीला “हा व्यवहार तुला अधिक कळतो, मला शिकव” असे म्हणण्यातही असते.

हे काम एकट्या सैनिकाचे नव्हे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदविणे हे त्याचे पहिले पाऊल; परंतु समोर आलेला माजी सैनिक म्हणजे पहारेकऱ्याच्या जागेचा उमेदवार, एवढेच अधिकाऱ्यांनी समजू नये. तो वाहनदुरुस्ती, बिनतारी संदेश, शुश्रूषा, पूल-रस्त्यांची कामे यांत तरबेज असू शकतो. शिक्षकांनी त्याला ध्वजवंदनापुरते बोलावून थांबू नये; मुलांना नकाशावाचन, प्रथमोपचार व पोहणे शिकविण्यास बोलवावे. ग्रामस्थांनी त्याला मान द्यावा, तसाच ग्रामसभेत विरोधही करावा; बरोबरीच्या माणसालाच विरोध केला जातो.

हा विचार आता लांबणीवर टाकण्यासारखा नाही. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेच्या रचनेनुसार प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त एक चतुर्थांश अग्निवीर चार वर्षांनंतर सेवेत कायम होतील. उरलेले तरुण पंचविशीच्या आसपास निवृत्तिवेतनाविना गावी परततील. पस्तिशीतील हवालदाराला जो प्रश्न पडत आला, तो या मुलांना त्याहून फार लवकर पडणार आहे. त्यांना उत्तर आयते देता येणार नाही. पण ते शोधताना सोबत करण्यास याच सभागृहात बसलेल्या जुन्या सैनिकांहून अधिक योग्य कोण आहे? ज्याने ही वाट स्वतः तुडविली, त्याने मागून येणाऱ्यासाठी वेशीवर थांबावे. गणवेष उतरल्यानंतरचे हे त्याचे पहिले कर्तव्य ठरेल, आणि ते त्याने स्वतः निवडलेले असेल.

जय हिंद.