सल्ला आणि हजेरी



साथीच्या दिवसांत लोक सल्ला ऐकत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे; आमचा अनुभव निराळा आहे. लोक सल्ला ऐकतात, पण तो पाळणे परवडेल की नाही, हे आधी पाहतात.

२०२० च्या एप्रिलात बारामतीत भिलवाड्याच्या धर्तीवर नाकेबंदी झाली. तिच्याबरोबर किराणा, भाजी, औषधे घरपोच देण्याची सोयही झाली, म्हणून घरी बसणे जमले. त्याच वेळी साखर कारखान्यांच्या तळांवर ऊसतोड मजूर अडकले होते. एका खोपीत सारे कुटुंब; तिथे अंतर कोणी कोणापासून राखायचे?

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी उठवली. विषाणू मात्र राहिला. आता सल्ला साधा आहे : ताप-खोकला असेल तर घरी थांबा. कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र कामगार थांबू शकतो; त्याला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. इंदापूरच्या शिवारात रोजाने खुरपणाऱ्या बाईला ही सोय नाही. तिचा खाडा झाला की चूल थंडावते. म्हणून ती अंगात कणकण घेऊन कामावर येते, आणि आपण तिला अडाणी म्हणतो!

या सभेत बागायतदार आहेत, दुकानदार आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे : आजारी गड्याची, बाईची दोन दिवसांची हजेरी भरा आणि मग सल्ला द्या. तो ऐकला जाईल.