आईचा गुडघा, न उचलणारं पाऊल आणि केस पेपर

आजचा एपिसोड एकट्यानेच करतोय, विषय घरचा आहे. मागच्या वर्षी मार्चमध्ये आईच्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालं, इथे नागपुरातच. हॉस्पिटलचं नाव घेणार नाही. एक्स-रे एकदम मस्त आला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पाऊल वर उचलताच येईना. आई म्हणाली, "पाय माझाच आहे, पण ऐकत नाही ना बाप्पा."

याला फूट ड्रॉप म्हणतात. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, अगदी कातडीखालून पेरोनियल नावाची नस जाते. बरीच वर्षं वाकडा राहिलेला पाय ऑपरेशनमध्ये सरळ केला की ती ताणली जाऊ शकते. घट्ट पट्टीनेही दबते. शंभर ऑपरेशनांत एखाद्याला होतं, कधी त्याहूनही कमी. म्हणजे नस दुखावली म्हणून डॉक्टर दोषी, असं थेट म्हणता येत नाही. हे पचायला मला महिना लागला, खोटं नाही सांगत.

मग विचारायचं काय? आधी धोका सांगितला होता का, आणि लक्षात आल्यावर काय केलं? पट्टी सैल करून गुडघा थोडा वाकवून ठेवायचा, हा पहिला उपाय. आईला राउंडवर उत्तर मिळालं, "सूज आहे, उतरेल."

इथे एक जुनी केस सांगतो, आपल्याच महाराष्ट्रातली. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतला वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. पुण्यात आणलं. भूल न देता पाय ओढून प्लास्टर घातलं, त्याच रात्री तो गेला. वडील, त्र्यंबक गोडबोले, स्वतः डॉक्टर. त्यांनी सर्जन लक्ष्मण जोशींवर दावा लावला. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १९६८ मध्ये. पंधरा वर्षं, आणि भरपाई तीन हजार रुपये! पण कोर्टाने डॉक्टरची जबाबदारी तीन ठिकाणी धरली: केस घ्यावी का, उपचार कोणता, आणि तो काळजीने केला का. आजही वकील याच केसचा हवाला देतात.

आता पंधरा वर्षं लागू नयेत म्हणून ग्राहक आयोग आहे. पैसे देऊन घेतलेले उपचार ही 'सेवा' आहे, हे १९९५ मध्ये ठरलं. सगळ्यांवरच फुकट उपचार करणारं हॉस्पिटल मात्र यात येत नाही. दिलेलं बिल पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षं. पण राजेहो, हलगर्जीपणा सिद्ध आपल्यालाच करावा लागतो, आणि त्यासाठी बहुतेक वेळा दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं. ते मत कशावर देणार? कागदांवर. मागितल्यापासून ७२ तासांत केस पेपर द्यायचे, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. आमचा धंदा आठवा: सर्व्हर पडला की आधी कोणाला शिव्या घालत नाही, लॉग बघतो.

आमच्या लॉगमध्ये दोन गोष्टी निघाल्या. नर्सची नोंद, सकाळी ९:४० : 'पेशंट पाऊल उचलत नाही.' पट्टी सैल केल्याची नोंद, संध्याकाळी ६:१५. मधल्या साडेआठ तासांत काहीच नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे संमतीचा फॉर्म. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, सातव्या ओळीत 'नसेला इजा' छापलेलं. खाली आईची सही, बाजूला माझी. न वाचता केलेली. ॲप टाकताना 'ॲग्री' दाबतो ना, तशी. आईला ती ओळ कोणी मराठीत सांगितली नव्हती, हे खरं. पण मीही सांगितली नाही.

नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. सहाव्या महिन्यात आईचा अंगठा हलला. पाऊल अजून पूर्ण उचलत नाही, बुटात प्लास्टिकची पट्टी घालून चालते. बाबा म्हणतात, सोड आता. आई म्हणते, "पैसे नको, पण ते साडेआठ तास कोणीतरी विचारले पाहिजेत."

येत्या मार्चमध्ये दोन वर्षं पूर्ण होतात. शनिवारी सगळे पेपर घेऊन दुसऱ्या ऑर्थोपेडिककडे जातोय. ते काय म्हणतात, ते पुढच्या एपिसोडला सांगतो.