दुधाचे दात, कायमचे दात आणि एस.टी.च्या वीस फेऱ्या

(देणगीदार व रुग्ण-कुटुंबीय मेळाव्यात केलेले भाषण)



दंतविभागात येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : "दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत." दुधाची दाढ केवळ चावण्यासाठी नसते, तिच्याखाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताची जागा ती राखून ठेवते. किडीमुळे ती अकाली काढावी लागली, की मागची दाढ पुढे सरकते आणि नवा दात वाकडा उगवतो किंवा हाडातच अडकतो. याहून गंभीर बाब म्हणजे सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे घरात कळतही नाही, आणि कळले तरी तीही दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते. गेली की पुन्हा येत नाही. चोपडा-यावलच्या केळीबागांत किंवा साक्री-शिरपूरच्या शेतांत दिवसभर राबणाऱ्या आईबापांनी मुलाच्या तोंडात डोकावावे तरी केव्हा, हेही खरेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत किंवा अंगणवाडीत येते, त्या दिवशी तरी मूल गैरहजर राहू नये. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात दातांची आणि दुभंगलेल्या ओठ-टाळूचीही तपासणी होते.

आता वाकड्या दातांविषयी. काढता-घालता येणारी प्लेट स्वस्त असते, पण ती मर्यादित दोषच सुधारते. पारदर्शक साचे दिसत नाहीत, मात्र ते महाग असतात आणि रोज वीस-बावीस तास घालावे लागतात. शाळकरी मुलाच्या डब्याबरोबर ते हरवण्याचीच शक्यता अधिक. माझ्या मते बहुतेक मुलांना धातूच्या साध्या तारा पुरतात. त्यांना दीड ते दोन वर्षे लागतात आणि चार-सहा आठवड्यांनी एकदा यावे लागते. लग्न ठरल्यावर "तीन महिन्यांत दात आत घ्या" म्हणणाऱ्यांची निराशा होते, ती यामुळेच. जबड्याच्या वाढीतील दोष तर वाढीच्या वयातच सुधारतात. पुढे शस्त्रक्रियेवाचून मार्ग उरत नाही. म्हणून सातव्या-आठव्या वर्षी एकदा दाखवून घ्यावे.

तारा लावल्यावर मेहरुणची बोरे, ऊस आणि चिक्की वर्ज्य. केळी खुशाल खावीत, नंतर दात घासावेत.

दोन वर्षांत सुमारे वीस फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला एस.टी.चे भाडे आणि आईची किंवा वडिलांची एक दिवसाची मजुरी. पालकांनी उपचारांच्या शुल्काआधी हा हिशेब मांडावा. दंत महाविद्यालयांत शुल्क सामान्यतः खासगी दवाखान्यापेक्षा कमी असते. धुळ्यात असे महाविद्यालय आहे, तर शासकीय दंत महाविद्यालयासाठी जळगावकरांना अजिंठ्यामार्गे छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. अर्ध्यावर सोडलेला उपचार हा न केलेल्या उपचारापेक्षा वाईट. तारांभोवती अन्न साचून चांगले दातही किडतात, आणि जागा करण्यासाठी दात काढले असतील तर त्या फटी तशाच राहतात.

देणगीदारांपुढे मला एक गोष्ट विशेषत्वाने मांडायची आहे. दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी मदत तुलनेने लवकर मिळते. बाळाची आधीची आणि नंतरची छायाचित्रे पाहून कोणाचेही मन हेलावते. परंतु त्या बाळाचा उपचार तेथे संपत नाही. टाळूची शस्त्रक्रिया होते, वाचा सुधारावी लागते, आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास वरच्या जबड्यातील फटीत हाड बसवावे लागते आणि त्याच्या आधी-नंतर दातांना तारा लागतात. या मधल्या दहा-बारा वर्षांचे छायाचित्र कोणी काढत नाही. मूल सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचे असेल आणि आईवडील ऊसतोडीला गेलेले असतील, तर ते तपासणीला येतच नाही, आणि पुढे नीट चावता-बोलता न येणारे तेच मूल शाळा सोडते.

म्हणून विश्वस्त मंडळास विनंती आहे की, नवीन खुर्चीसाठी निधी उभारताना त्यातील काही भाग केवळ प्रवासभाडे, बुडालेली मजुरी आणि पाठपुराव्यासाठी राखून ठेवावा. देणगीदारांपैकी कोणी एकाच मुलाचा भार त्याच्या शेवटच्या तारा निघेपर्यंत उचलणार असेल, तर त्याचे नाव दंतविभागात आजच नोंदवून घेता येईल.