लॉकअपमधला तो चोर

दोस्तहो, १९८३ चा ‘अर्धसत्य’ मी दोनदा बघितला. कथा पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन निहलानींचं. ओम पुरीचा सब-इन्स्पेक्टर वेलणकर रामा शेट्टीला हात लावू शकत नाही. शेट्टीमागं पुढारी हायेत. मग साला राग काढायचा कुणावर? लॉकअपमधल्या भुरट्या चोरावर! त्याला मारून मारून मारूनच टाकतो. अन् नोकरी जायची वेळ आली की जातो शेट्टीच्याच दारात. तिथं अपमान झाल्यावर त्याचा गळा दाबतो. आमच्या गोदीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. मीबी पिटल्या, खोटं कशाला बोलू? पण तो मेलेला चोर कुठल्या झोपडीतला, हे बाहेर पडताना एकानंबी विचारलं नाही. गोदीच्या गेटावर माझी रोज झडती होते, दोस्तहो. म्हणून विचारतोय.