माळ्यावरची जहाजे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "तुमच्या छंदाविषयी चार शब्द सांगा" असा निरोप धाडला, तेव्हा मी दोन दिवस टाळाटाळ केली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चार माणसांत उभे राहून बोलण्याचा आजचा पहिलाच प्रसंग. पण गेल्या हळदीकुंकवाला आमच्याकडे काचेच्या पेटीत ठेवलेले शिडाचे जहाज पाहून पुष्कळजणींनी विचारले, "अगबाई, हे तुम्ही केले?" तेव्हा घाईत उत्तर देता आले नाही. ते आज देते.

पहिली गोष्ट ही की छंद माझा नव्हता. आमच्या घरातील मंडळींचा होता. हे गोदीत फिटर. दिवसभर जहाजांच्या पोटात काम करायचे आणि पगार झाला की जहाजाचेच एखादे खोके काखेत मारून यायचे. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि आकडे घातलेले शेकडो तुकडे त्यांना लटकलेले असतात. ते सोडवून चिकटवायचे, रंगवायचे, की खऱ्या जहाजाची हुबेहूब लहान प्रतिकृती तयार होते. 'निवृत्त झालो की निवांत बांधीन' असे म्हणत यांनी सोळा वर्षांत एकोणीस खोकी जमवली. बांधली किती? एकही नाही! परदेशातही या छंदाचे लोक आपली अशीच थट्टा करतात म्हणे, की खोकी उरलेल्या आयुष्यापेक्षा जास्त झाली.

आमच्या दोन खोल्या. माळ्यावर पापडाचे डबे कुठे आणि जहाजे कुठे, अशी अवस्था. मी किती कुरकुर केली त्याला गणती नाही. 2018 साली मुलीच्या अकरावीच्या क्लासची फी भरायची होती. मी भिशीचे पैसे मोजत बसले होते, आणि हे सर्वांत मोठे खोके घेऊन आले. त्या दिवशी मी नको ते बोलले. म्हटले, "तुम्हाला लेकीपेक्षा प्लॅस्टिक प्यारे." फी मी पाटली मोडून भरली. यांनी उत्तर दिले नाही, पण त्यानंतर खोके आणले नाही. ते माझे शब्द मला पुढे फार दिवस टोचले.

2019 च्या डिसेंबरात यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, चालणेही हळूहळू जमले. पण उजवा हात गेला. घास डाव्या हाताने घ्यायचा. नोकरी सुटली. निवृत्तीचा निवांतपणा असा आला, आणि बांधायला हातच राहिला नाही.

मुलगा म्हणाला, "आई, खोकी विकून टाकू. बंद खोक्यांना गिऱ्हाईक मिळते." मलाही पटले. माळा उतरवला. हे पलंगावरून पाहत होते. एक लहान खोके हातात घेऊन मी सहज विचारले, "अहो, हे कसले?" तेव्हा झटक्यानंतर पहिल्यांदा हे सलग पाच मिनिटे बोलले. जीभ अडखळत होती, पण बोलले. त्या दिवशी मी खोकी विकायची थांबवली.

यांच्याकडून मी जे शिकले त्यातले थोडे सांगते. या खोक्यांचा उद्योग कसा सुरू झाला ते ऐकून आपल्याला गंमत वाटेल. एअरफिक्स ही इंग्लंडमधली कंपनी 1939 साली निघाली. ती पूर्वी हवा भरलेली खेळणी करी, मग प्लॅस्टिकच्या फण्या करू लागली. हो, आपण केस विंचरतो त्या! त्या फण्यांच्या ओतकामातून पुढे 1952 साली ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड' जहाजाचे लहान सुटे भाग निघाले. दोन शिलिंगांत विकता यावे म्हणून खोक्याचा खर्चही वाचवला आणि साध्या पिशवीत घातले. जपानात शिझुओका शहरातल्या चार कंपन्यांनी 1971 साली लढाऊ जहाजांची मालिका काढली. एकच जहाज दोघींनी करू नये म्हणून जहाजे आपसांत वाटून घेतली, आपण समारंभाची कामे वाटून घेतो तशी. ती जहाजे सातशेपटीने लहान असतात.

सातशेपट म्हणजे काय, ते यांनी मला 'विक्रांत'वरून समजावले. आपली जुनी 'विक्रांत' सुमारे सातशे फूट लांब. सातशेपटीने लहान केली की राहिली एक फूट, म्हणजे पोळपाटाहून जरा मोठी. 1961 साली ती आपल्या नौदलात आली, 1997 साली निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबईत तिचे संग्रहालय होते. हे मुलांना दाखवायला घेऊन गेले होते. 2014 साली दारूखान्यात तिला मोडायला काढले. त्या संध्याकाळी हे न जेवता झोपले होते. तेव्हा मला राग आला होता, की एवढे काय लोखंडाचे! आता विचारले तर म्हणाले, "अगं, जहाज मोडले की त्याचा आकारसुद्धा उरत नाही. लहानसा का होईना, कुठेतरी राहावा." माळ्यावर सोळा वर्षे काय साठत होते, ते मला तेव्हा कळले.

मग आमची शाळा सुरू झाली. इंग्रजी कागद हे वाचणार, हात माझे. पहिले जहाज मी बिघडवले. चिकटवण्याचा द्राव भसाभसा ओतला, तर प्लॅस्टिकच विरघळले! तो द्राव गोंदासारखा लावायचाच नसतो. दोन भाग कोरडेच जुळवून पाहायचे, घट्ट धरायचे आणि सांधीला कुंचल्याचे टोक टेकवायचे. तो आपोआप आत ओढला जातो. खिडकी मात्र उघडी हवी, कारण वास डोक्यात जातो.

पुढे लक्षात आले, की यातले निम्मे तर आपल्याला येतच असते. तुकडे आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवायचे, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग धरत नाही. चौकटीतून तुकडा पिळून तोडायचा नाही. नखे कापण्याच्या यंत्राने कापून कानशीने घासायचा. जहाजाच्या पोटाचे दोन अर्धे सुकेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावायचे. लढाऊ जहाजावर केसासारखी तार हवी, तर उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या आचेवर मऊ करायचा, बाजूला घ्यायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचा. पाकाची तार पाहणाऱ्या बाईला हे काय शिकवायचे? फार गरम झाले की तुटते, थंड झाले की ओढत नाही.

तीन लहान जहाजे झाल्यावर हे म्हणाले, "आता ते मोठे काढ." मोठे म्हणजे तेच, फीच्या दिवशी आणलेले. मी काही न बोलता काढले.

त्या जहाजाचे नाव 'कटी सार्क'. हे 1869 साली स्कॉटलंडमध्ये डंबार्टनला बांधले. नावाचा अर्थ आखूड झंपर! बर्न्स नावाच्या कवीच्या कवितेत आखूड झंपर घालून नाचणारी एक चेटकीण आहे. ती घोड्यावरून पळणाऱ्या माणसाचा पाठलाग करते आणि तिच्या हाती नुसते घोड्याचे शेपूट येते. जहाजाच्या नाळेवर तीच बाई शेपूट धरून उभी आहे. ती रंगवताना मला हसू आवरेना.

हे जहाज चीनमधून लंडनला चहा आणण्यासाठी, वाऱ्यासारखे पळावे म्हणून बांधले. पण त्याच वर्षी सुवेझचा कालवा उघडला, आगबोटींना जवळची वाट मिळाली, आणि काही वर्षांत शिडाच्या जहाजांचे चहाचे काम संपले. मग 'कटी सार्क'ने ऑस्ट्रेलियातून लोकर वाहिली, आणि खरा वेग तिथे दाखवला. आज ते लंडनमधल्या ग्रिनिचला उभे आहे. 2007 साली त्याला आग लागली होती. दुरुस्त करून 2012 साली पुन्हा लोकांसाठी खुले केले. हे सारे यांनी सांगितले, आणि थोडे थांबून म्हणाले, "ज्या कामासाठी बांधले ते गेले, तरी जहाज बुडाले नाही." मी मान खाली घालून कानशीच चालवत राहिले.

आमची प्रतिकृती शहाण्णवपटीने लहान, म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट तो इथे इंचाचा आठवा भाग. तरी पुढच्या काठीच्या टोकापासून मागपर्यंत जवळजवळ तीन फूट! तीन डोलकाठ्या आणि दोऱ्यांचे जंजाळ. दोऱ्याला आधी मेण लावायचे, म्हणजे त्याची कुसे बसतात. माझ्या आजीच्या कुंकवाच्या डबीत असे, तेच मेण. आतले दोरे आधी, बाहेरचे नंतर. नाहीतर पुढे हात शिरत नाही. तिथे माझी क्रोशाची सुई कामास आली. सर्वांत मोठी चूक म्हणजे एका बाजूचे दोरे आधी ताणून बांधणे. प्लॅस्टिकची डोलकाठी लगेच तिकडे कलते. डावा एक, उजवा एक, असे सारख्या ताणाने बांधत जावे लागते. माझी मधली काठी तरीही जराशी कललेली आहे. पाहुण्यांना दिसत नाही, यांना दिसते.

या जहाजाला चौदा महिने लागले. रोज दुपारी जेवणे आटोपल्यावर एक तास. हात यांचा सुधारला नाही, हे खरे सांगते. पण कागद वाचून वाचून जीभ पुष्कळ सुटली, आणि डाव्या हाताने हे आता लहान तुकडे धरून देतात. लग्नाला एवढी वर्षे झाली, पण भाजी, भाडे आणि फी यांखेरीज आम्ही एकमेकांशी काय बोललो होतो, ते मला आठवत नाही. आता ती एक तासाची बैठक चुकली तर दोघांनाही चुकल्यासारखे होते.

खोक्यांचे पुढे काय झाले, तेही सांगते. औषधपाण्याला पैसे लागत होते. पाच खोकी यांनी स्वतः निवडून विकायला दिली, सहा चाळीतल्या मुलांना वाटली. उरली त्यातली चार बांधून झाली. चार अजून माळ्यावर आहेत. नवे खोके आणायचे नाही, असे दोघांनी ठरवले आहे.

भगिनींनो, माळ्यावर केवळ पुरुषच साठवतात असे नाही. माझ्या ट्रंकेत अर्धवट विणलेला रुमाल बारा वर्षे पडला होता, आणि 'मुले मोठी झाली की वाचीन' म्हणून ठेवलेली दोन पुस्तके. आपण सर्वजणी पुढच्या सवडीसाठी काहीतरी ठेवतो. ती सवड कशी येईल, कोणते हात शाबूत ठेवून येईल, कोणी सांगावे? म्हणून रोजचा एक तास आजच काढावा, आणि तो शक्यतो घरातल्या माणसाला बरोबर घेऊन काढावा, एवढेच मला अनुभवाने कळले.

ज्यांना जहाज पाहायचे असेल त्यांनी अवश्य घरी यावे. चहा मिळेल, मात्र पदर सांभाळावा, दोरे फार नाजूक आहेत.