चाचणी कुणाच्या वावरात?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसाचा भाव झाला, वीजबिलं झाली. आता मी जो विषय काढणार आहे तो ऐकून काहींना वाटेल, हा गडी भलतीकडेच निघाला. पण थोडं ऐकून घ्या.

मागच्या महिन्यात आपला एक कार्यकर्ता एक जाडजूड कागद घेऊन माझ्याकडं आला. त्याच्या आईला मधुमेह आहे. शहरातल्या एका दवाखान्यात तिला विचारलं, नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेता का? औषध फुकट, तपासण्या फुकट, जाण्यायेण्याचं भाडंही मिळेल. पोराचा प्रश्न एवढाच: आईनं अंगठा द्यावा का नाही? कुणी म्हणे, देऊन टाक, फुकट आहे. कुणी म्हणे, पळून ये, माणसांचे उंदीर करतात. मी त्याला म्हणालो, बाबा, ही दोन्ही उत्तरं आळशी माणसाची आहेत. बियाण्याच्या कंपनीचा माणूस प्लॉट मागायला आला की तू त्याला काय काय विचारतोस, तेच इथं विचारायचं.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. औषधाची चाचणी घ्यायची रीत दवाखान्यात जन्मली नाही, ती वावरात जन्मली. इंग्लंडात रॉथॅमस्टेड म्हणून शेतीसंशोधनाचं जुनं केंद्र आहे. तिथं 1919 साली रोनाल्ड फिशर नावाचा गणिती रुजू झाला. त्याच्यापुढं अडचण कोणती? तुमचीच. एका तुकड्यात खत घातलं, दुसऱ्यात नाही घातलं, उताऱ्यात फरक पडला. पण तो खताचा का जमिनीचा? कंपनीचा प्लॉट कुठं असतो ते आपण सगळे जाणतो. विहिरीजवळ, काळ्या रानात, घरधन्याच्या नजरेसमोर. आणि शेजारी तुलनेला जे दाखवतात ते असतं बांधाकडंचं मुरमाड. फिशर म्हणाला, कुठल्या वाफ्यात काय घालायचं हे माणसानं ठरवायचंच नाही. चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीत जे येईल ते. म्हणजे काळं रान आणि मुरूम दोन्हीकडं सारखं वाटलं जाईल आणि उरलेला फरक खताचा असेल.

हीच चिठ्ठी पुढं क्षयरोगाच्या वॉर्डात गेली. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवं होतं आणि इंग्लंडात ते सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतंच. 107 रोग्यांच्या चिठ्ठ्या पडल्या. 55 जणांना औषध आणि विश्रांती, 52 जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांतले 4 दगावले, विश्रांतीवाल्यांतले 14. 1948 साली हे छापून आलं आणि तेव्हापासून जगात औषधाची परीक्षा अशी व्हायला लागली. 'मला गुण आला' असं दहा जणांनी सांगितलं म्हणून औषध खरं ठरत नाही. शेजारच्या ओळीत काय झालं ते दाखवावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, शेजारची ओळ! वावरात ती पऱ्हाटीची असते. दवाखान्यात ती माणसांची असते. मला जे बोलायचंय ते या ओळीबद्दलच आहे. दोन उदाहरणं देतो, दोन्ही आपल्या महाराष्ट्रातली.

पहिलं महाडचं. कोकणातला लाल विंचू तुम्ही ऐकला असेल. भात कापताना, फाटी उचलताना चावतो. नुसत्या वेदना नाहीत, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी होतं, तोंडाला फेस येतो आणि पोर हातातून जातं. डॉ. हिम्मतराव बावस्कर, आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, तिकडं रायगडात सरकारी दवाखान्यात होते. त्यांनी रोगी रात्ररात्र उशाशी बसून पाहिले, मरताना काय होतं ते टिपून ठेवलं आणि रक्तदाबावरचं एक साधं, स्वस्त औषध, प्राझोसिन, वापरून पाहिलं. त्याआधी गंभीर झालेल्या रोग्यांपैकी शंभरातले तीस-तीस जात. ते प्रमाण अगदी नगण्यावर आलं. लॅन्सेट या इंग्लंडच्या साप्ताहिकानं 1986 मध्ये ते छापलं.

पुढं विंचवाची प्रतिलस आली. आता तिचा उपयोग आहे का नाही हे कसं ठरवायचं? महाडला 70 रोगी घेतले, 35 आणि 35. एका ओळीला प्राझोसिन आणि प्रतिलस, दुसऱ्या ओळीला नुसतं प्राझोसिन. दहा तासांनी पहिल्या ओळीतले 32 पूर्ण बरे होते, दुसऱ्या ओळीतले 8. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे आलं. इथं ध्यानात घ्या, दुसरी ओळ उपाशी नव्हती. त्या दिवसापर्यंत जे चांगल्यात चांगलं माहीत होतं, ते तिला मिळालंच होतं. नवीन ते जास्तीचं.

दुसरं उदाहरण आपल्या दारातलं. उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आपल्या बायका बोलत नाहीत. अंगावर काढतात आणि बार्शीला नेईपर्यंत वेळ गेलेली असते. 1999 पासून टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली कर्करोगाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून या जिल्ह्यात मोठी चाचणी घेतली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. गावांचे 52 गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकून चार ओळी केल्या. एका ओळीत एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसरीत पेशी काचेवर घेऊन पाहायची पॅप तपासणी, तिसरीत व्हिनेगरसारखं आम्ल लावून डोळ्यांनी पाहायचं. प्रत्येक बाईची तपासणी एकदाच, आणि दोष निघाला तर उपचार. चौथ्या ओळीला तपासणी नाही. रोगाची माहिती दिली, तपासणी कुठं होते ते सांगितलं, एवढंच.

आठ वर्षं मोजदाद झाली. विषाणू-तपासणीच्या ओळीत या कॅन्सरनं 34 बायका गेल्या. पॅपच्या ओळीत 54, आम्लाच्या ओळीत 56. चौथ्या ओळीत 64. ओळी साधारण सारख्याच, एकतीस ते चौतीस हजारांच्या. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीनं मरण जवळपास निम्म्यावर आलं. बाकी दोन्हींचा फरक खात्रीनं सांगावा एवढा पडला नाही. 2009 साली अमेरिकेतल्या मोठ्या साप्ताहिकात हे छापलं आणि जगभर गाजलं.

त्या चौथ्या ओळीवरून डॉक्टरांत फार भांडण झालं. एक बाजू म्हणाली, पॅप तपासणीनं हा रोग रोखता येतो हे जगाला माहीत असताना हजारो बायका बिनतपासणीच्या का ठेवल्या? दुसरी म्हणाली, भारताच्या खेड्यात तपासणी कुणालाच मिळत नव्हती. आम्ही कुणाचं काढून घेतलं नाही. आणि चौथी ओळ नसती तर कोणती तपासणी आपल्या गावात जीव वाचवते हे कळलं नसतं. दोन्ही बाजू मी वाचल्या. दुसरीत दम आहे, तो नाकारत नाही. पण 'तुमच्याकडं नव्हतंच, म्हणून दिलं नाही' हा युक्तिवाद ऐकला की मला आपला जुना अनुभव आठवतो. गावाला रस्ता नव्हता म्हणून गाडी आली नाही, आणि गाडी येत नाही म्हणून रस्ता केला नाही! महाडला दुसरी ओळ रिकामी ठेवावी लागली नाही. इथं ठेवली, कारण ती आधीच रिकामी होती. ती रिकामी कुणी ठेवली होती?

पण माझी खरी तक्रार या डॉक्टरांवर नाहीच. त्यांनी काम केलं, बायका वाचवल्या, आकडे लपवले नाहीत. तक्रार पुढची आहे. त्या आकड्यांवरून जगाची आरोग्य संघटना आज विषाणूचीच तपासणी करा म्हणते. आणि आपल्या केंद्र सरकारनं 2016 मध्ये गावपातळीसाठी ज्या सूचना काढल्या त्यात तपासणी ठेवली ती आम्लाची. का? विषाणूची महाग पडते. बरं, तीही किती जणींना मिळाली? 2019 ते 21 च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांतल्या जेमतेम दोघींनी सांगितलं की ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली. पीक आपल्या वावरात घेतलं, वजन आपल्या खळ्यावर केलं, आणि बियाणं मात्र आपल्या कणगीत परत आलंच नाही.

तिसरा प्रकार याहून वाईट. 2009 मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात याच कॅन्सरच्या लसी शाळकरी पोरींना टोचल्या. त्याला चाचणी म्हटलं नाही. म्हटलं काय, 'प्रात्यक्षिक प्रकल्प'. शब्द ओळखीचा वाटतो ना? खम्ममच्या बऱ्याच पोरी आदिवासी आश्रमशाळांतल्या. संसदेच्या समितीनं 2013 मध्ये अहवाल दिला त्यात आंध्रातल्या 9,543 संमतीपत्रांचा हिशेब आहे. 2,763 वर सही वसतिगृहाच्या वार्डनची, 1,948 वर नुसता अंगठा. सात पोरी त्या काळात दगावल्या. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध दिसला नाही असं निघालं, आणि लस वाईट आहे असं मीही म्हणत नाही. जगात ती दिली जाते आणि तिचा गुण आहे. पण बाप जिवंत असताना वार्डननं सही करायची, हा कुठला करार? सातबारा माझा आणि खरेदीखतावर सही तलाठ्याची, असं कुणी खपवून घेईल का? 2010 च्या एप्रिलमध्ये ते काम थांबवावं लागलं.

म्हणून त्या पोराला मी सांगितलं, आईचा कागद म्हणजे करार आहे, आणि करार बरोबरीच्या दोन माणसांत होतो. 2019 च्या नियमांनी आपल्याला बरंच दिलंय, ते वापरायचं. कागद आपल्या भाषेत मागायचा. आईला वाचता येत नसेल तर त्यांचा नाही असा तटस्थ साक्षीदार सगळं समजावून सांगताना तिथं बसला पाहिजे आणि त्याची सही पाहिजे. कागदाची एक प्रत घरी आली पाहिजे. मधेच सोडता येतं, आणि सोडलं म्हणून नेहमीचा उपचार कुणी बंद करू शकत नाही. अपाय झाला तर उपचार त्यांच्या खर्चानं, आणि चाचणीमुळं मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई. चाचणीची नोंद दिल्लीच्या सरकारी नोंदवहीत असावी लागते; 2009 पासून ती सक्तीची आहे. ती कुणालाही फुकट पाहता येते, मोबाईलवरसुद्धा. नोंद नाही म्हणाले तर तिथूनच उठायचं.

आणि दोन प्रश्न आवर्जून विचारायचे. शेजारच्या ओळीला काय देणार? म्हणजे चिठ्ठीत माझी आई तिकडं गेली तर तिची आत्ताची गोळी चालू राहणार, का नुसती पिठाची गोळी? आणि औषध खरं ठरलं तर चाचणी संपल्यावर आईला ते मिळणार का, का मग दुकानातून विकत घ्यायचं? पोरानं विचारले. पहिल्याचं उत्तर नीट मिळालं, आत्ताची गोळी चालू राहणार होती. दुसऱ्याला डॉक्टर जरा घुटमळले आणि म्हणाले, कंपनीला विचारून सांगतो. आईनं अजून अंगठा दिलेला नाही.

ज्यांच्या घरात किंवा गावात असे कागद आलेत त्यांनी पुढच्या बैठकीला झेरॉक्स घेऊन या. आपले एक वकील भाऊ दुपारी दोन तास बसून ते वाचून देणार आहेत. बायकांसाठी तपासणीचं निवेदन जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यायचंय, विषाणूचीच तपासणी धाराशिव जिल्ह्यापासून सुरू करा म्हणून. त्यावर सह्या मागच्या टेबलावर चालू आहेत. तिथं मायबहिणींनी स्वतः सही करावी, घरधन्यानं त्यांच्या वतीनं करू नये. आता जेवून घ्या, पिठलं गार होतंय.